चष्मा दे गं, ऐकू येत नाहीये

परवा संध्याकाळी ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये थांबले होते. बाहेर भुरभुर पाऊस, आत उकळत्या आल्याचा वास, छत्र्यांचं पाणी फरशीभर पसरलेलं, आणि वर कोपऱ्यात टीव्ही. टीव्ही कायम म्यूट असतो, कारण मालकांनी गल्ल्याशेजारी एक ब्लूटूथ स्पीकर ठेवलाय आणि दिवेलागणीला त्यावर अभंगच लागणार हा त्यांचा नियम. गिऱ्हाइकांना बातम्या हव्या असतात म्हणून टीव्ही, त्यांना स्वतःला भीमसेनजी हवे असतात म्हणून स्पीकर, असा समझोता आहे तो. तर टीव्हीवर डिबेट चालू होती, सहा चौकटींत सहा माणसं, सगळी एकदम बोलतायत, आणि स्पीकरवर अभंग चढत चाललेला, टाळ, पखवाज, सगळं. मी आपली चहात क्रीमरोल बुडवत बघत होते आणि अचानक, कसं झालं कळलंच नाही, डाव्या चौकटीतले जाड मिशांचे प्रवक्ते गायला लागले. तान वर गेली की त्यांचा जबडा उघडायचा, पखवाजाची थाप पडली की मूठ टेबलावर यायची, अगदी समेवर. अँकरबाई हात नाचवत होत्या त्या ताल देत असल्यासारख्या. मला हसू फुटलं, शेजारच्या काकांनी वळून बघितलं, मी ग्लासात तोंड घातलं. पण एकदा तसं दिसायला लागल्यावर ते पुन्हा नुसते भांडणारे प्रवक्ते काही दिसेनात.

घरी येऊन भाजी चिरताना पुन्हा तेच डोक्यात. मूठ खरंच समेवर पडत होती, की मला पडताना दिसत होती? स्टुडिओतल्या त्या माणसाला बिचाऱ्याला आमच्या कोपऱ्यावरचा पखवाज कुठून ऐकू येणार. म्हणजे त्यांनी मूठ कितीतरी वेळा आपटली असणार, त्यातल्या थापेशी जुळणाऱ्या तेवढ्या माझ्या मनाने उचलल्या आणि बाकीच्या गुपचूप सोडून दिल्या. मग रात्री मोबाईलवर वाचत बसले (भाजी जरा लागली त्या नादात, असो) आणि एक फार साधा प्रयोग सापडला, 1997 चा. स्क्रीनवर दोन ठिपके दोन बाजूंनी येतात, मध्ये भेटतात आणि पुढे जातात. आवाज नसेल तर बहुतेकांना ते एकमेकांच्या अंगावरून आरपार गेलेले दिसतात. पण भेटण्याच्या नेमक्या क्षणी एक छोटासा ‘टक्’ वाजवला की तेच ठिपके एकमेकांवर आपटून मागे फिरलेले दिसायला लागतात. चित्रात काडीचा फरक नाही हां. नुसता एक टक्. मन म्हणतं, आवाज आलाय ना, मग आपटले असणार.

मग रविवारी भाचा आला होता त्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला आत्या थांब, याच्यापेक्षा भारी दाखवतो. त्याने माझाच व्हिडिओ काढला. आधी मला ‘गा, गा, गा’ म्हणायला लावलं, मग ‘बा, बा, बा’, आणि मोबाईलवरच कुठल्यातरी ॲपमध्ये ‘गा’च्या चित्राला ‘बा’चा आवाज चिकटवला. म्हणाला, बघ आणि सांग काय म्हणतेयस. मी बघितलं. स्वच्छ ‘डा, डा, डा’ ऐकू आलं. माझंच तोंड, माझाच आवाज, आणि अक्षर मात्र मी कधी उच्चारलेलंच नाही असं. तो म्हणाला आता डोळे मीट. मिटले, तर ‘बा’. उघडले, तर ‘डा’. पुन्हा मिटले, ‘बा’. मी म्हटलं तू काहीतरी बदलतोयस. तो दोन्ही हात वर करून हसत बसला.

आता मला सगळं माहीत आहे तरी ‘डा’च ऐकू येतं.

हा प्रकार हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनल्ड या दोघांनी 1976 मध्ये जगापुढे मांडला. खरं तर ते लहान मुलांना बोलणं कसं उमगतं त्याचा अभ्यास करत होते आणि टेपवर एकाचे ओठ नि दुसराच आवाज असं करून घेतलं, तर ऐकताना तिसरंच अक्षर यायला लागलं! पहिल्यांदा त्यांना वाटलं टेप करणाऱ्याने घोळ घातला, असं सांगतात. त्यांच्या प्रयोगात मोठ्या माणसांपैकी 98 टक्के उत्तरं अशी फसलेली होती. नंतर इतरांनी करून बघितलं तेव्हा माणसामाणसांत बराच फरक निघाला, काही जण अजिबात फसत नाहीत, तेव्हा तुम्हाला ‘बा’च ऐकू आलं तर लगेच डॉक्टरकडे पळू नका. मला यातली सगळ्यात गोड गोष्ट वाटली ती ही की ‘डा’च का. शाळेत बाईंनी पाठ करून घेतलेलं आठवलं, कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. आपली वर्णमाला घशापासून निघते आणि ओठांशी येऊन संपते. ‘ग’ पार घशात, ‘ब’ पार ओठांवर. कान सांगतोय ‘बा’, पण डोळा सांगतोय की अहो, ओठ मिटलेच नाहीत, ओठ न मिटता ‘ब’ येईलच कसा? मग मन मधलं काहीतरी शोधतं, ज्याला ओठ मिटावे लागत नाहीत आणि जे कानाला ‘बा’च्या जवळपास लागतं. आणि उलट केलं, ओठ ‘बा’चे आणि आवाज ‘गा’चा, तर असं मधलं अक्षर निघत नाही. मिटलेले ओठ डोळ्याने पाहिलेत, ते नाकारता येत नाहीत, मग बऱ्याच जणांना ‘बगा’ किंवा ‘गबा’ असं दोन्ही एकत्र ऐकू येतं. एकत्र कुटुंबातली मोठी बाई जशी दोन भावांचं भांडण उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही, आतल्या आत मिटवते आणि बाहेर हसत येते, तसं चालतं हे. आपल्यापर्यंत फक्त निकाल येतो. भांडण झालं होतं हेही कळत नाही.

यावरून आजी आठवली. आजीला म्हातारपणी कमी ऐकू यायला लागलं होतं, पण ते तिने मान्य केलं नाही कधी. कुणी आलं, बोलायला लागलं की ती पदराने तोंड पुसायची, उशीखाली चाचपडायची आणि म्हणायची, "चष्मा दे गं, ऐकू येत नाहीये." आम्ही पोरं लोळायचो हसून. कितीतरी वर्षं घरातला हा हमखास जोक होता, लग्नाकार्यात मांडवात बसून एकमेकांना सांगायचा. ती मात्र शांतपणे चष्मा लावायची, समोरच्याच्या तोंडाकडे बघायची आणि बरोब्बर उत्तर द्यायची. 1954 मध्येच सम्बी आणि पोलॅक नावाच्या दोघांनी मोजून दाखवलं होतं की गोंगाट जितका जास्त तितका ओठ बघण्याचा फायदा जास्त. आजीच्या कानात गोंगाट नव्हता, नुसतं धुकं होतं, पण गरज तीच. आणि कामाची वाटणी तरी किती छान आहे बघा. फोन खरखरत असेल तर ‘मामा आला’ की ‘नाना आला’ हे कानाला सांगता येत नाही, पण डोळ्याला ते लांबून कळतं, एकात ओठ मिटतात, दुसऱ्यात नाही. आणि आरशासमोर आवाज न करता ‘पापा, बाबा, मामा’ म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात, तिथे कानाशिवाय गत्यंतर नाही. एकाला जिथे दिसत नाही तिथे नेमकं दुसऱ्याला दिसतं. मास्कच्या त्या दिवसांत बँकेच्या काउंटरवर, काचेच्या अलीकडे पलीकडे, धडधाकट कानांची माणसं एकमेकांना "काय? काय?" करत ओरडत होती. मास्कने आवाज थोडा दबायचा हे खरंच, पण त्याहून जास्त म्हणजे आपण सगळे जन्मभर थोडं थोडं आजीसारखं ऐकत होतो आणि आमच्या घरात तरी ते फक्त तिला माहीत होतं.

आणि डोळा कानाला फसवतो ते फक्त अक्षरांत नाही. रामदास पाध्यांचा अर्धवटराव आठवतोय ना? लहानपणी टीव्हीवर तो लागला की मी पाध्यांच्या ओठांकडेच बघायचं असं ठरवून बसायचे आणि तरी दोन मिनिटांत बाहुल्याशीच बोलायला लागायचे. आवाज कुठेही फेकला वगैरे जात नाही, तो कलाकाराच्याच तोंडातून येतो, पण हलणारं तोंड बाहुल्याचं असतं म्हणून आपणच तो उचलून बाहुल्याच्या तोंडात ठेवतो. शब्दभ्रमकारांना सगळ्यात जड जातात ती ओठांची अक्षरं, प, ब, म. ओठ न हलवता ती येत नाहीत, म्हणून बरेच जण त्यांच्या जागी त, द, न सारखं काहीतरी सरकवतात आणि प्रेक्षकांना ते कळत नाही. म्हणजे भाच्याच्या मोबाईलमध्ये ‘ब’चा ‘ड’ झाला आणि इथे ‘द’चा ‘ब’ होतो, तोच रस्ता उलट दिशेने! गावाच्या जत्रेत तंबू थिएटर यायचं तिथे स्पीकर एका बांबूला बाजूला टांगलेला असायचा, करकरायचा, तरी हिरोचा आवाज हिरोच्याच तोंडातून यायचा, बांबूतून आला असं कुणी म्हटलं नाही. 2004 मध्ये एलेस आणि बर या संशोधकांनी याची दुसरी बाजू दाखवली. चित्र मुद्दाम इतकं धूसर केलं की ते नेमकं कुठे आहे ते डोळ्यालाच नीट सांगता येईना, तेव्हा पारडं फिरलं आणि कान सांगेल तिथे चित्र दिसायला लागलं. म्हणजे डोळ्याची मुजोरी नाहीये ही. ज्याची साक्ष जास्त पक्की त्याचं ऐकायचं, एवढंच. कुठे घडलं हे डोळ्याला जास्त नीट कळतं, कधी घडलं हे कानाला. म्हणूनच एकदाच चमकलेला दिवा, सोबत झटपट दोन टिक् वाजवल्या तर, दोनदा चमकलेला दिसतो. तिथे कान जिंकतो.

कधी घडलं यावरून नदी. आमचं गाव कृष्णेकाठी, आणि पलीकडच्या काठावर बायका धुणं धुवायला यायच्या. मी अलीकडच्या घाटाच्या पायरीवर बसायचे, पाय पाण्यात, खाली बारीक मासे पायांना चावायचे, आणि समोर ते चालायचं. एक बाई होती हिरव्या लुगड्यातली, ती चादर डोक्यावरून फिरवून दगडावर आपटायची. चादर दगडावर पडायची तेव्हा काहीच नाही, शांत. ती हात वर न्यायची आणि मग हवेत, रिकाम्या हवेत, धप्प. मला वाटायचं तिची चादर वर जाताना वाजते. पात्र शंभरेक मीटर तरी असेल तिथे, आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे पाव सेकंदाहून जास्त उशीर, तेवढ्यात तिचा हात वर यायचाच. हे गणित नंतर शाळेत कळलं, वीज चमकल्यापासून तीन सेकंदाला एक किलोमीटर मोजायचं वगैरे. पण जवळून, म्हणजे घरातल्या घरात, हॉलमधून स्वयंपाकघरात, असा उशीर कधीच कसा जाणवत नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता, आता पडला. तर म्हणे प्रकाश कितीही वेगाने येवो, डोळ्याच्या पडद्याला त्याचं भाषांतर करून मेंदूकडे पाठवायला कानापेक्षा जास्त वेळ लागतो, कान फार चपळ आहे. त्यामुळे सुमारे दहा-पंधरा मीटरवर दोघं मेंदूच्या दारात बरोबर पोचतात, त्याच्या अलीकडे-पलीकडे मन सांभाळून घेतं. गणपतीत लक्ष्मी रोडवर लांबलचक ढोलपथकाच्या शेपटाला उभं राहून पुढच्या रांगेच्या टिपऱ्या बघा, नदीकाठचं धप्प पुन्हा भेटेल.

आणि सांभाळून घेण्यातही पक्षपात आहे! आवाज थोडा उशिरा आला तर आपण खपवून घेतो, आधी आला तर लगेच खटकतं. टीव्हीच्या प्रसारणासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची जी शिफारस आहे तिच्यात हेच आकडे आहेत, आवाज चित्राच्या 45 मिलिसेकंद पुढे गेला तर माणसाला कळतं, पण मागे पडला तर 125 पर्यंत कळत नाही. साहजिक आहे, जगात आवाज नेहमी मागूनच येतो, चादर आपटायच्या आधी धप्प कुणी ऐकलंय?

ऐकलंय. मी ऐकते, दर आठवड्याला. बहीण कॅनडात असते, रविवारी सकाळी आमचा व्हिडिओ कॉल, आणि तिच्याकडे काय होतं देव जाणे पण चित्र मागे राहतं. ती हसते ते आधी ऐकू येतं, चेहरा अजून मागच्याच वाक्यावर गंभीर असतो. मग आवाज पुढच्या विषयावर जातो, आईच्या गुडघ्यावर, आणि तेव्हा तिचा चेहरा हसतो. तिच्या हसण्याला काही अर्थ नाही हे मला माहीत असतं, तरी पोटात कुठेतरी बारीकसं टोचतं, की आईच्या गुडघ्याचं सांगतेय आणि ही हसतेय? कॉल ठेवल्यावर डोकं जड होतं. मागे एकदा नेट फारच वाईट होतं म्हणून तिने कॅमेरा बंद केला, नुसता आवाज, आणि आम्ही कितीतरी वेळ बोललो, भांडलोसुद्धा, वाटणीच्या त्या जुन्या विषयावरून. चेहरा दिसत असताना तो विषय आम्ही काढत नाही. तेव्हा बरं वाटलं की वाईट, ते अजून ठरत नाहीये. पुढच्या रविवारी तिने आपणहून कॅमेरा लावला आणि मी काही बोलले नाही.

सवाईला जाते तेव्हा बहुतेक वेळा मागेच जागा मिळते, तिथून गायक मुठीएवढा आणि बाजूचा स्क्रीन भलामोठा. मींड घेताना, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाताना, गायकाचा हात हवेतून काहीतरी ओढत नेतो ना, अदृश्य सूत असल्यासारखा, तो हात बघताना ती मींड मला संपता संपत नाही. मग नंतर कधीतरी त्याच गायकाचं तेच रेकॉर्डिंग कानात घालून बसमध्ये ऐकावं तर मींड आटोपशीर, सुंदरच, पण संपते. मला वाटायचं मांडवातली थंडी, शाल, चहा, त्या वातावरणाची ही करामत. पण 2007 मध्ये शुट्झ आणि लिप्सकोम्ब यांनी मरिंबा नावाच्या, लाकडी पट्ट्यांवर काठी मारून वाजवायच्या वाद्यावर हे तपासलं होतं. वादकाने हात लांब, डौलात फिरवून एक सूर वाजवला, आणि झटक्यात आखडता हात घेऊन वाजवला. आवाज दोन्हींचा तेवढाच टिकतो. नुसतं ऐकणाऱ्यांना फरक कळला नाही, बघणाऱ्यांना लांब हाताचा सूर लांब ऐकू आला. आता यावर आमच्यातले कानसेन मंडळी नाक मुरडतील की डोळे मिटून ऐकायचं असतं गाणं. मिटा की. पण 2013 मध्ये आणखी एक गंमत झाली, पियानोच्या मोठ्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या लोकांना दाखवल्या आणि विजेता कोण ते ओळखायला सांगितलं. नुसता आवाज ऐकून कुणाला धड ओळखता येईना, आणि आवाज बंद करून नुसतं चित्र बघून जास्त वेळा बरोबर ओळखलं, त्यात स्वतः संगीतातली जाणकार मंडळीसुद्धा होती. हे वाचल्यावर मला थोडा रागच आला, कुणावर ते माहीत नाही. त्या हाताने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. गायकाने मींड गळ्याने आणि हाताने मिळून घेतली आणि मी तशीच घेतली, असं म्हणेन.

फसवणूक वेगळी. ती फॅमिली ग्रुपवर येते, कुठल्यातरी पुढाऱ्याचा जुना व्हिडिओ, लांबून काढलेला, धूसर, आणि त्यावर दुसऱ्याच कुणाचा आवाज. तोंड हलतंय आणि आवाज येतोय, एवढं मनाला पुरतं, बाकीचं ते स्वतः शिवून घेतं. चित्र जितकं वाईट तितकं असा व्हिडिओ बनवणाऱ्यांचं काम सोपं. काकांना सांगितलं तर म्हणतात, अगं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

पण खरं तर या बाबतीत आपण फार तयार लोक आहोत. लतादीदी मधुबालासाठी गायल्या, नूतनसाठी गायल्या आणि मग काजोलसाठीही, तोच गळा इतक्या चेहऱ्यांत जाऊन बसला आणि आपल्याला कधी वाटलंच नाही की हे काहीतरी जमत नाहीये. बोलताना एक आवाज, गाताना दुसरा, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही, आणि चालायचं.

सध्या आई कोरियन मालिकांच्या नादी लागलीय, हिंदीत डब केलेल्या. पहिल्या दिवशी मी शेजारी बसले तर मला बघवेना, ओठ एक बोलतायत, आवाज भलतंच, वाक्य संपलं तरी तोंड चालूच. मी म्हटलं तुला खटकत नाही? म्हणाली काय? मग म्हटलं जाऊ दे. आणि थोड्या वेळाने बघते तर मलाही खटकेना. उशीर, विसंगती सारखी सारखी समोर आली की मन आपलं घड्याळच त्याप्रमाणे लावून घेतं, त्यावरही प्रयोग झालेत, काही मिनिटं पुरतात. परवा मी म्हटलं आज आपण मूळ भाषेत बघू, खाली अक्षरं येतात तुला वाचायला, आणि सेटिंगमध्ये जाऊन भाषा बदलली. तो हिरो पहिल्यांदाच स्वतःच्या आवाजात बोलला, जरा पातळ आवाज, हळू बोलणारा. ओठ न् आवाज अगदी जुळले. आईने दोन वाक्यं ऐकली, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हा कुणाचा आवाज घातलाय त्याला? शोभत नाही अजिबात. त्याचा स्वतःचा लाव गं परत."